माननीय अडीचशे यांस अनावृत पत्र

मा. दोनशे पन्नास साहेब,
स. न. वि. वि.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून हे पत्र लिहितो आहे. डांबरी सडक फाट्यापर्यंत येते, तिथून पुढे पाऊलवाट, ओढा आणि आम्ही.

आपली ओळख जुनी. डिसेंबर 2000 मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. तिने सपाटीवरच्या वस्तीला पाचशे माणसांची अट घातली आणि आमच्यासारख्या आदिवासी भागासाठी मोठ्या मनाने तुमची नेमणूक केली. अडीचशे डोकी दाखवा, सडक घ्या. सौदा वाईट नव्हता. बोटांवर मोजता येतील इतकीच डोकी आमची कमी पडली.

कमी पडली म्हणजे मेली नव्हती, साहेब. भट्टीवर गेली होती. दिवाळीनंतर शेठची उचल घ्यायची, घराला कडी घालायची आणि पोराबाळांसकट वीटभट्टी गाठायची, हे आमचं वार्षिक कॅलेंडर. जनगणनेची शिरगणती मात्र 2001 लाही फेब्रुवारीत आणि 2011 लाही फेब्रुवारीतच. त्या दिवसांत जो सबंध काळ बाहेर, तो घरच्या यादीत धरायचा नाही, असा नियम. गुरुजी आले तेव्हा ओट्यावर म्हातारी माणसं होती आणि कोंबड्या. कोंबड्या धरल्या असत्या तर तुम्हाला कधीच गाठलं असतं.

रस्ता नाही म्हणून इथे धंदा नाही, धंदा नाही म्हणून माणसं बाहेर, माणसं बाहेर म्हणून तुम्ही भरत नाही, आणि तुम्ही भरत नाही म्हणून रस्ता नाही. इतका गोल रस्ता उभ्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

जनगणनेच्या कागदावर आमची तक्रारही दिसत नाही. तिथे हिशेब महसुली गावाचा. गावठाणात एसटी थांबते, म्हणून बसच्या रकान्यात ‘आहे’. पाडे त्या ‘आहे’च्या पोटात.

आमचं वाहन म्हणजे डोली. एक लांब बांबू, त्याला गाठ मारलेली गोधडी, चार खांदे. दोघांनी उचलायचं, दोघांनी बदली द्यायची. एका पावसात शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा ओढ्यात कमरेएवढं पाणी होतं. बांबू डोक्यावर धरून पलीकडे नेली. फाट्यावर जीप मिळेपर्यंत मूल गोधडीतच जन्मलं. आम्ही आनंदाने म्हटलं, चला, एक वाढला!

पण वाढून उपयोग नाही, हे नंतर कळलं. सप्टेंबर 2024 मध्ये योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला. 62,500 किलोमीटर रस्ते, 25,000 वस्त्या. ऐकून छाती फुगली. मग समजलं की माणसं मोजायची 2011 च्याच यादीतून. त्या साली पाळण्यात असलेली पोरं आज डोलीला खांदा देतात. खांदा चालतो, डोकं धरत नाहीत.

तुमचे धाकटे बंधू शंभर, ते मवाळ आहेत म्हणतात. पीएम-जनमन योजनेत कातकरी, कोलाम, माडिया अशा जमातींच्या वस्त्यांना ते शंभर माणसांवरही पावतात. आम्ही पडलो वारली, आमची फाइल तुमच्याकडेच.

तेव्हा एकच विनंती. पुढची जनगणनाही 1 मार्च 2027 ची मध्यरात्र धरून आहे, म्हणजे पुन्हा भट्टीचे दिवस. तेवढी आमची मोजणी आषाढात घ्या. लावणीला सगळा पाडा घरी असतो, एकूणएक डोकं चिखलात वाकलेलं सापडेल.

अडचण एवढीच की तेव्हा ओढा भरलेला असतो आणि गुरुजी पलीकडे अडकतील. काळजी नसावी. त्यांना आणायला डोली पाठवू. तिला चार माणसं पुरतात, अडीचशे लागत नाहीत.

आपला,
यादीत नसलेला एक