माशांची बेल

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रत्येकाचं खातं ठरलेलं आहे. आत्या सुप्रभात बघते, काका मूळव्याधीवरचे उपाय बघतात आणि माझ्याकडे 'कायतरीच' हे खातं आहे. इंटरनेटवर भटकताना जे जे अजब सापडेल ते मी तिथे आणून टाकतो. लहानपणी ओढ्यावरून येताना चड्डीच्या खिशात गोटे भरून आणायचो, आई ते मुकाट्याने तुळशीत ठेवून द्यायची. आता माझ्या गोट्यांना जोडलेले दोन हात मिळतात. ते हात ग्रुपवर निधनाच्या बातमीलाही मिळतात, म्हणून त्यांचा नेमका अर्थ मी लावत नाही.

मागे मी केंब्रिजच्या कॉफीच्या भांड्याची हकिगत पाठवली होती. तिथल्या विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतली मंडळी दूरच्या खोलीतून उठून कॉफीसाठी यायची आणि भांडं रिकामं निघायचं. वैतागून त्यांनी १९९१ मध्ये भांड्यासमोर कॅमेराच लावला, म्हणजे जागेवर बसून कळावं की उठण्यात अर्थ आहे की नाही. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर गेलं, आणि ज्यांना त्यातला घोटभरही मिळणार नव्हता अशी जगभरची माणसं त्या भांड्यावर नजर ठेवू लागली. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला तेव्हा ते बिघडलेलं यंत्र लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. नुसत्या आळसातून माणूस कुठवर पोहोचतो, या विचाराने मी भारावून गेलो होतो. भावोजींचा एकच मेसेज आला : "चहाचं काय?"

मग मेलबर्नची झाडं पाठवली. फांदी मोडली, कीड लागली तर लोकांना कळवता यावं म्हणून तिथल्या महापालिकेने झाडांना ई-मेलचे पत्ते दिले. तक्रारी आल्याच, पण लोकांनी झाडांना प्रेमपत्रंही लिहिली. आज तुझ्याखालून गेलो, तू फार सुंदर दिसत होतास, अशी. काही झाडांनी उत्तरंही दिली म्हणे! (आपल्याकडे बुंध्यावर रंगवलेला आकडा दिसला की पोटात गोळा येतो. रस्तारुंदी कुठपर्यंत आली, एवढाच प्रश्न उरतो.) यावर वहिनीने विचारलं, की सोसायटीच्या गुलमोहराची तक्रार कुठे करायची.

असं झालं की मी हिरमुसतो. अजब गोष्ट एकट्याने पाहिली तर ती अर्धीच दिसते, असा माझा अनुभव आहे. कुणीतरी शेजारी बसून "अगं बाई!" म्हणावं लागतं, तेव्हा उरलेली अर्धी दिसते. आणि ते "अगं बाई" अखेर मिळालं ते घरातच, ग्रुपवर नसलेल्या एकमेव व्यक्तीकडून. माझ्या आईकडून.

नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट शहरातून जुने कालवे जातात. वसंत ऋतूत मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतात. वाटेत बोटींसाठी बांधलेला एक पाण्याचा दरवाजा लागतो. त्या दिवसांत बोटी फारशा नसतात, दरवाजा बंदच राहतो, आणि मासे बिचारे त्याच्यापाशी ताटकळतात. पक्ष्यांना तेवढंच हवं असतं. म्हणून २०२१ पासून तिथे पाण्याखाली कॅमेरा लावला आहे. जगात कुठेही बसून पाहायचं, मासा दिसला की स्क्रीनवरची बेल दाबायची. पलीकडे त्या क्षणाचं चित्र पोहोचतं. पुरेसे मासे जमलेत असं दिसलं, की माणूस जाऊन दरवाजा उघडतो.

मी आईला हे दाखवलं ते मार्चमध्ये. स्क्रीनवर सालीच्या मुगाच्या कढणासारखं पाणी, मधूनच एखादं पान. दहा मिनिटं काही नाही. मी ओशाळून बंद करणार, एवढ्यात एक पट्टेरी मासा आला आणि अगदी दारासमोर उभा राहावा तसा उभा राहिला.

"अगं बाई!" आई म्हणाली. "हे तर चढणीचे मासे!"

आईचं बालपण कोकणातलं. पहिला मोठा पाऊस झाला की नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यांतून, व्हाळांतून उलटे वर चढतात आणि थेट भातखाचरांत शिरतात. रायगडकडे त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. डोळ्यांपुढे ते दिवस आल्यावर आईचा चेहरा असा उजळला की मीही भावुक झालो. म्हटलं, "म्हणजे तुम्हीपण असेच वाट बघत बसायचात?"

"बसायचो तर! रात्रभर. चुडी पेटवून, कोयते नि टोपल्या घेऊन." मग थोडं थांबून म्हणाली, "गाबोळीनं भरलेले असतात रे तेव्हा."

उट्रेक्टच्या मंडळींना ही माहिती मी कळवलेली नाही.

पण त्या दिवसापासून आई माशांची राखणदार झाली. त्यात वेळेचा एक सुंदर योग आहे. मासे जास्त हलतात रात्री, आणि तेव्हा तिथले लोक झोपलेले. आई उठते पहाटे पाचला. एप्रिलमध्ये उट्रेक्ट आपल्या साडेतीन तास मागे असतं, म्हणजे तिथे तेव्हा रात्रीचा दीड. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात आणि दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करण्यात साठ वर्षं घालवलेल्या बाईइतकं एका जागी टक लावून बघणं दुसऱ्या कुणाला जमणार? ती बेल दाबते आणि मोठ्याने सांगते, "थांब हो, येतोय तो उघडायला." एकदा दरवाजा वेळेत उघडला नाही असं वाटून तिने तिथल्या माणसाला आळशी ठरवलं. रात्री दोनला तो झोपला असेल, असं मी म्हटलं. "मासे जागे आहेत ना?" हे तिचं उत्तर.

आता ग्रुपवर काही टाकायच्या आधी मी आईला दाखवतो. निम्म्या गोष्टी तिथेच बाद होतात. कॉफीचं भांडं तिला आवडलं नाही. घासायला कोण होतं, ते त्यात नाही म्हणाली.

बेल दर वर्षी वसंतात सुरू होते आणि साधारण मेअखेरीपर्यंत चालते. आईची पाळी पाच ते सात. फक्त पावणेसहा ते सहा ती आंघोळीला जाते. तेवढी पंधरा मिनिटं तुमच्यापैकी कुणी लक्ष ठेवलं, तर बरं होईल.