सकंप गृहस्थाश्रमाची नियमावली

गृहव्यवस्थेवर आजवर जे ग्रंथ लिहिले गेले, त्यांच्या कर्त्यांनी एक गोष्ट न सांगताच गृहीत धरलेली आढळते. ती ही की, घर ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीन जागेवर राहील. डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावावेत, पितळी भांडी दर्शनी फळीवर मांडावीत, बैठकीच्या भिंतीवर वडीलधाऱ्यांच्या तसबिरी एका रेषेत टांगाव्यात, हा उपदेश ऐकण्यास मधुर आहे. परंतु पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांत 2018 च्या नोव्हेंबरपासून भूमीने जी स्वतंत्र वृत्ती धारण केली, तिच्यापुढे उंचीप्रमाणे लावलेले डबे उंचीचा कोणताही मुलाहिजा न ठेवता एकत्र लोळू लागतात, आणि तसबिरींची रेषा सकाळी साधली तर संध्याकाळी मोडते. त्या ग्रंथकारांस दोष देण्याचे कारण नाही. ते पुण्या-मुंबईच्या स्थिर जमिनीवर बसून लिहीत होते. त्यांनी जे सोडून दिले ते भरून काढावे, एवढाच या टिपणाचा माफक हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थितीचा तपशील. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी, आंबोली या बाजूच्या गावा-पाड्यांना त्या हिवाळ्यात जे धक्के बसू लागले, ते एका मोठ्या भूकंपाचे आणि त्यामागून येणाऱ्या किरकोळ कंपांचे नव्हते. लहान लहान धक्क्यांचा थवाच्या थवा येत राहिला. बहुतेक धक्के तीन रिश्टरच्या आतले, क्वचित एखादा चारच्या पलीकडे जाणारा. 2019 च्या आरंभी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक यंत्रे बसविली आणि नोंदींची संख्या हजारांच्या घरात गेली. हे कंप उथळ असल्यामुळे धक्क्याबरोबर जमिनीखालून सुरुंग उडाल्यासारखा आवाज येतो, व त्या आवाजाचा धसका हालचालीपेक्षा अधिक असतो. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते व दाब वाढवून त्यांस हलविते, असा काही संशोधकांचा कयास आहे. येथे एक विसंगती नमूद करणे अवश्य आहे. केंद्र सरकारने 20 जून 1991 रोजी अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला आणि अतिप्रदूषक उद्योगांस तेथे मज्जाव केला. म्हणजे नाजूकपणा ही येथे राजपत्रात छापलेली बाब आहे. परंतु सदर अधिसूचनेची प्रत भूगर्भात रवाना झाल्याचे दिसत नाही.

आता नियमांकडे वळू. उंचीचा अहंकार सोडावा, हा पहिला नियम. आपल्याकडे गृहिणीची प्रतिष्ठा उतरंडीवरून ठरत असे. मडक्यावर मडके, त्यावर लहान मडके, त्यावर लोटा, आणि हा मनोरा जितका उंच तितके घर भरल्यासारखे दिसे. कंपप्रवण क्षेत्रात उतरंड म्हणजे भूकंपाला धाडलेले आमंत्रण होय. जड वस्तू जमिनीलगत, हलक्या वस्तू कमरेच्या उंचीवर, आणि डोक्याच्या वर फार तर सुपे, टोपल्या व गृहस्थाची आकांक्षा एवढेच असावे. लोखंडी कपाट भिंतीस पट्टीने जखडावे, कारण कपाट पडते तेव्हा ते आत ठेवलेल्या कागदपत्रांची किंमत पाहून पडत नाही. पूर्वजांच्या तसबिरींविषयी विशेष सूचना अशी की, त्यांच्याविषयीच्या आदरात तिळमात्र न्यून न आणता त्यांना झोपण्याच्या जागेवरून हलवावे. हयातीत ज्या आजोबांनी नातवाच्या डोक्यावर केवळ आशीर्वादाचा हात ठेवला, त्यांनी मरणोत्तर काचेच्या चौकटीसह त्याच डोक्यावर उतरावे, हे उभयपक्षी शोभत नाही.

भिंतींचे प्रकरण याहून अधिक विस्ताराला पात्र आहे, कारण त्यातच या प्रदेशाची खरी थट्टा भरलेली आहे. येथील वारली आदिवासींचे जुने घर कुडाचे असे: कारवीच्या काठ्या विणून उभ्या करावयाच्या, त्यांवर शेणामातीचा लेप द्यावयाचा, गेरूने रंगवून तांदळाच्या पिठाने त्यावर लग्नाचा चौक लिहावयाचा, आणि वर पेंढा किंवा कौले. गेली कित्येक दशके प्रगतीच्या प्रत्येक पुरस्कर्त्याने या घराकडे बोट दाखवून सांगितले की, हे घर कच्चे आहे. मग पक्क्या विटांच्या, सिमेंटच्या भिंती आल्या, घरकुलाच्या यादीत नावे लागली, हप्ते पडले, आणि भिंतीसोबत घरमालकाची मानही ताठ झाली. पुढे जमीन हलू लागली तेव्हा असे आढळले की, कुड हलतो, वाकतो, लेपाचे एखादे ढलपे टाकतो आणि पुन्हा उभा राहतो. पण आडव्या पट्ट्यांशिवाय, कोपऱ्यांत सळ्या न घालता घाईने उभारलेली विटांची पक्की भिंत मात्र कोपऱ्यापासून तडकते. यात आश्चर्य नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या जड धाब्यांखाली. घराचे वजन हेच तेथे घराचे वैरी ठरले. मी कुडाच्या घराची आरती ओवाळीत नाही; पावसाळ्यात त्यात राहून पाहिलेल्या माणसास तिचे शब्द सुचणार नाहीत. विटेच्या घराला जोत्याच्या, खिडकीच्या व छपराच्या पातळीवर लोखंडी सळ्यांच्या पट्ट्या घातल्या तर तेही भूकंपात तग धरते, एवढे ज्ञान आपल्या इंजिनियरांपाशी आहे. ते गवंड्याच्या थापीपर्यंत पोहोचण्यास जो विलंब होतो, त्याची नोंद कोणतेही मापक घेत नाही. आणखी एक गोष्ट: दिवाळी उलटली की या भागातील कित्येक आदिवासी कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. इतरांच्या पक्क्या घरांसाठी विटा पाडणारी ही माणसे परत येतात ती बहुधा कुडाच्याच घरात. त्या घराला कच्चे कोण म्हणतो, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

उंचीच्या नियमाला एक अपवाद आहे: ज्यांच्या घरी अद्याप शिंके आहे, त्यांनी ते काढू नये. दुधा-दह्याचा मांजरापासून बचाव ही त्याची जुनी कामगिरी. परंतु टांगलेले वजन जडत्वामुळे जागेवर राहू पाहते आणि भोवतालचे घर हलते, हेच भूकंपमापकाचे मूलतत्त्व असल्याने, प्रत्येक शिंके हे विनामूल्य मिळालेले वैज्ञानिक उपकरण होय. शिंके झुलू लागले आणि मांजर निरपराध आढळले, तर धक्का बसला असे समजावे.

आता शांततेविषयी. कुटुंबात शांतता असावी याचा अर्थ शहरी ग्रंथकार असा करतात की, मुलांनी मोठ्याने बोलू नये व सासू-सुनांनी भांडू नये. सकंप घरात तिचा अर्थ वेगळा आहे. 1 फेब्रुवारी 2019 रोजी हळदपाड्याची एक चिमुरडी धक्क्याच्या भीतीने घराबाहेर धावताना पडली आणि डोक्याला मार लागून गेली. या टिपणात थट्टेला जागा आहे, येथे नाही. धावू नये, अंधारात तर मुळीच नाही. दार दोन पावलांवर असेल आणि वर कौले असतील तर मुलास कडेवर घेऊन मोकळ्यात यावे, नाहीतर मजबूत मेज किंवा खाटेखाली डोके झाकून बसावे, आणि उंबऱ्यापासून अंगणापर्यंतची वाट रात्री रिकामी राहील एवढी टापटीप रोज झोपण्यापूर्वी पाळावी. घरातील सगळी टापटीप ह्या एका वाटेसाठी आहे; फडताळ आवरले नाही तरी चालेल, दारातली सायकल मात्र हलवलीच पाहिजे.

त्या हिवाळ्यात प्रशासनाने तंबू दिले आणि कुटुंबे थंडीत अंगणात निजली. शाळांचे वर्गही भिंती सोडून बाहेर भरले. तंबूतील गृहव्यवस्था हे एक स्वतंत्र शास्त्र असून त्यात कोपरा नसल्यामुळे कोपऱ्यात काही ढकलून देण्याची सोय नाही, हा त्याचा मोठा गुण. आणि मोकळ्यावरच्या शाळेचे म्हणाल तर ती येथे नवी नाही: ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम मांडले, त्यात अंगणवाडी होती आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही होती. भूमीने लहर फिरवली तेव्हा अभ्यास बाहेर नेणे या तालुक्याला अवघड गेले नसावे. अवघड गेले ते थंडीचे पांघरूण.

शेवटी दप्तराची बाब. धक्का ओसरल्यावर पंचनामा होतो, आणि पंचनाम्यात भिंतीला पडलेली भेग भूकंपाची की पूर्वीची, हा प्रश्न अटळपणे उपस्थित होतो. भेग मुकी असते. तिच्या जन्माचा दाखला कोणाकडे नसतो. म्हणून सुज्ञ गृहस्थाने प्रत्येक भेगेशेजारी खडूने तारीख लिहावी, तिच्या टोकास आडवी खूण करावी, आणि पुढच्या धक्क्यानंतर ती खुणेच्या पुढे सरकली की दुसरी तारीख घालावी. अशा रीतीने घराच्या भिंतीवर एक बारनिशीच तयार होते, व ती तलाठ्यासमोर कोणत्याही अर्जापेक्षा अधिक खणखणीत साक्ष देते. पाहुण्यांना ती विद्रूप वाटेल. पाहुण्यांना नुकसानभरपाई मागावयाची नसते, हे ध्यानात ठेवावे. ज्या घरात भेगांना तारखा आहेत, कपाट जखडलेले आहे आणि दाराची वाट मोकळी आहे, ते घर कितीही पसरलेले दिसो, मी त्यास टापटिपीचे घर म्हणेन.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर अजून पाटा-वरवंटा, जात्याची तळी किंवा लग्नात आलेला तांब्याचा बंब चढवून ठेवलेला असेल, तर त्यांनी हे टिपण संग्रही ठेवण्याची तसदी न घेता आज रात्रीच घरातील दोन धडधाकट इसमांस हाक मारावी आणि ती वस्तू खाली उतरवून घ्यावी.