फियाटमधली भाडेकरू

नातीने परवा झोपायच्या वेळी हुकूम सोडला, "आजोबा, मांजराची आणि गाडीची सांग." मांजर म्हणजे आमच्या आवारातली, कुणाचीच नसलेली, करड्या पट्ट्यांची, आणि गाडी म्हणजे पारिजातकाखाली उभी असलेली, तळमजल्यावरच्या काकांची फियाट. मुलांना गोष्टीत काहीतरी घडायला हवं असतं. या दोघींचं मात्र काहीच घडत नाही म्हणून छान चाललं आहे. गाडी सुरू झाली, तर मांजराच्या दृष्टीने तो अपघातच.

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ही गाडी फियाट अकराशे डिलाइट म्हणून बनू लागली. पुढे १९७४ मध्ये तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. पण लोकांनी राणीला शेवटपर्यंत माहेरच्याच नावाने हाक मारली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची वयोमर्यादा गाठली, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि जन्मभर टॅक्सीवाल्यांशी सुट्ट्या पैशांवरून भांडलेली माणसंही हळवी झाली. काकांच्या गाडीच्या नशिबी असा निरोप नव्हता. ती एका सकाळी खोकली आणि गप्प बसली, एवढंच. आजकालच्या गाड्या डोळे बारीक करून वसुलीला निघाल्यासारख्या दिसतात; हिचे गोल दिवे मात्र अनपेक्षित बढती मिळालेल्या कारकुनासारखे अजून चकित आहेत.

गाडी चालत होती तेव्हा थंडीत मांजर इंजिनापाशी शिरून बसायची. तिचंही बरोबर होतं. मांजराच्या अंगाचं तापमान मुळात ३८ अंशांच्या वर. आपण पंख्याचं बटण शोधू लागतो तिथून तिचं सुख सुरू होतं, आणि नुकतंच थांबलेलं इंजिन हे तिच्या हिशेबाने थंड हवेचं नव्हे, ऊन हवेचं ठिकाण. म्हणून काका किल्ली फिरवण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारत. मांजर खालून बाहेर येई, अंग ताणे, आणि उपकार केल्यासारखी बाजूला होई. आता इंजिन वर्षानुवर्षं गार आहे, बॅटरी कधीच काढून ठेवली आहे. तरी काका रोज सकाळी दूध घेऊन येताना बॉनेटवर दोन थापा मारतातच. मांजरही टपावरची झोप मोडून खाली उतरते, गाडीला एक फेरी घालते आणि पुन्हा वर जाऊन बसते. गाडी कुठेही जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक असावं. पण रीत म्हणून काही आहे की नाही! सोसायटीच्या सभेत 'आवारातील निरुपयोगी वस्तू' हा विषय दरवर्षी निघतो. तेव्हा काका चष्मा पुसत बसतात आणि विषय आपोआप पुढच्या वर्षावर जातो.

हे सगळं नातीला सांगून झालं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण मग गाडी चालवते कोण?"

मी म्हटलं, काका. तिला ते पटलं नाही. गाडी मांजराची, तर मांजरच चालवणार. तिचे पाय पोचणार नाहीत, ही माझी शंका तिने उडवून लावली, आणि नीट विचार केला तेव्हा मलाही त्यात तथ्य दिसू लागलं. या गाडीचा गिअर खाली दोन सीटांमध्ये नसतो, तो स्टिअरिंगलगत असतो. मांजराचा पंजा तिथे सहज पोचेल. पुढची सीटही एकसलग, अख्ख्या कुटुंबाने लोळावं अशी. राहिले तीन पेडल.

"तिला पिल्लं होतील ना," नात जांभई देत म्हणाली. "एक क्लचवर बसेल, एक ब्रेकवर, एक तिसऱ्यावर."

"आणि चौथं झालं तर?"

"ते खिडकीतून हात बाहेर काढून वळायचं दाखवेल. काकांच्या गाडीचे दिवे लागत नाहीत, माहितेय ना तुला?"