जरीची माशी

चांदवडात बसून डेलावेअर नदीतल्या माशांसाठी फ्लाय बांधणारा माणूस तालुक्यात माझ्याखेरीज दुसरा नसावा. फ्लाय म्हणजे गळावर दोरे-पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या मोजणारं गाव मला वेड्यात काढतं, त्यात गावाचं काही चुकत नाही.

हे खूळ भाच्याचं. तो न्यू जर्सीत असतो. वसंतात शॅड नावाचे मासे अंडी घालायला समुद्रातून डेलावेअरमध्ये चढतात. काठावरच्या लॅम्बर्टव्हिलला त्यांच्या नावाची जत्राही भरत आली आहे. बंगाल्यांच्या इलिशचा हा भाऊबंद, काट्यांची कटकटही तीच. गंमत म्हणजे नदीत शिरल्यावर तो जवळजवळ काही खात नाही, तरी समोरून चकचकीत काही गेलं की तोंड मारतो. का, यावर तिथले मासेमार वाद घालत बसतात. चिडून, असं भाच्याचं मत. निर्जळी उपासाच्या दिवशी भजी तळली जात असताना स्वयंपाकघरात उगाच चक्कर मारणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे मला फारसं कोडं पडत नाही.

चमक हवी म्हटल्यावर येवलं काय लांब आहे? पैठणीच्या मागावरची उरलीसुरली जर आणली. गळ छोट्या वाइसमध्ये धरायचा, मेण लावलेला दोरा पुढून मागे गुंडाळत न्यायचा, त्यावर रुपेरी जर, वेढ्याला वेढा चिकटून. मधे फट दिसली की उसवायचं. पुढे साखळीतले दोन मणी आडवे बांधायचे, म्हणजे माशी बुडते. मग गावठी कोंबड्याच्या मानेचं एकच पीस दोन वेढे फिरवलं की तंतू गोल फुलतात. गाठीवर नेलपॉलिशचा थेंब. नेलपॉलिश अर्थात बायकोचं.

पैठणी घेताना जर अस्सल आहे का, हे दहादा विचारलं जातं. शॅड विचारत नाही.

पिसांची गोष्ट निराळी. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसं एकेकाळी साहेबाच्या सॅमन माशांच्या फ्लायसाठी विलायतेला जात. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर त्याच्या वाटेला जायची सोय नाही. मोराचं गळून पडलेलं पीसही देशाबाहेर धाडता येत नाही. कोंबड्याच्या पिसावरून कस्टमशी हुज्जत घालायची माझी तयारी नाही. तेव्हा भाच्याला जातात ती जर आणि रेशीम. पिसं तो तिकडची लावतो. माझ्या सजलेल्या माश्या पेढ्यांच्या डब्यात राहतात. भूक नसलेल्या माशासाठी, पाणी नसलेल्या गावात, न पाठवायची वस्तू इतकी नीट का बांधायची, असं शेजारी विचारतात. फट दिसते म्हणून, एवढंच मला सांगता येतं.

परवा फोन आला. "मामा, लागला होता! पण तोंड फार नाजूक हो त्याचं, काठाशी येता येता सुटला."

आतून मामींचा आवाज आला, "जर काळी पडली का, ते विचारा आधी."