रॉकर की रॉकेल?

आमच्या घरात दोन जुनी इंजिनं आहेत. एक अण्णा, दुसरी अण्णांची बुलेट. दोन्ही सकाळी सहाला सुरू होतात आणि दोन्हींचा आवाज हसनाबादच्या स्टँडपर्यंत जातो. अण्णांवर इलाज नव्हता, म्हणून मी बुलेटच्या मागं लागलो.

आवाज वरून यायचा. टक टक टक टक, पत्र्यावर कुणी नखानं वाजवावं तसा. बुलेटच्या डोक्यात दोन रॉकर असतात. एक आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, एक धूर बाहेर सोडणाऱ्याचा. रॉकर म्हणजे शाळेच्या मैदानातला सीसॉ. एका टोकाला पुशरॉड खालून ढुसणी देतो, दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक रॉकर १५०० वेळा मान हलवतो. नवा जावईसुद्धा सासऱ्यापुढं इतकी हलवत नाही.

मोबाइलवर एका पोरानं सांगितलं की टोकाला चाक असलेले रोलर रॉकर टाका. घर्षण कमी, आवाज गायब, ताकद जास्त. मी मागवले.

"काय आलं रे खोक्यात?" अण्णांनी विचारलं.

"रॉकर."

"रॉकेल? रेशनवरचं बंद होऊन जमाना झाला. तुला कुठं घावलं?"

रविवारी मी अंगणात गाडी खोलली. मोबाइलमधल्या पोराच्या अंगणात कोंबड्या नव्हत्या आणि "काहून खोलली?" असं विचारत बसणारी माणसं नव्हती, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. तरी दुपारपर्यंत रॉकर बसले. गाडी सुरू केली, चांगली तापवली आणि कानाला आवाज येईनासा होईस्तोवर टॅपेट, म्हणजे पुशरॉडची ढिलाई ठरवणारे स्क्रू, कसत गेलो. या कामाला एका वेळी तीन पाने लागतात आणि माणसाला हात दोनच असतात. पण शेवटी शांत! बुलेट मुकी झाली. मला वाटलं, आता उरले अण्णा.

मंगळवारी अंगारकी. हिला मागं बसवून राजूरच्या गणपतीला निघायचं ठरलं होतं. सकाळी किक मारली, तर पाय लोण्यात गेल्यासारखा खाली गेला. कॉम्प्रेशनच नाही. पंचवीसेक किकांनंतर गाडी कशीबशी लागली आणि निम्म्या वाटेवर वरून "कर्र" करून थांबली. तिथून आम्ही पायी. ढकलत. अंगारकीला राजूरला चालत जाणारे खूप असतात, त्यामुळं कुणाला काही वावगं वाटलं नाही. एका म्हाताऱ्या बाईनं तर हात जोडून विचारलं, "गाडीचा नवस हाय का, बाबा?" ही रस्ताभर एक शब्द बोलली नाही.

परत आणल्यावर गाडी चाचांकडं नेली. चाचांनी बुलेटमध्ये चाळीस वर्षं काढलीत. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली, मला हातानं इंजिन फिरवायला लावलं आणि आधी अण्णांची चौकशी केली.

"अण्णा बोलतात का?"

"लई बोलतात."

"मग चांगलंय."

झाकणं उघडली. आत तेलाचा थेंब नव्हता. रॉकर ज्या ठोकळ्यांत झुलतो, ते दोन-दोन अर्ध्यांचे असतात आणि प्रत्येक अर्धा आपल्याच जोडीदाराबरोबर बसवायचा असतो, कारण त्यांचं भोक एकत्र पाडलेलं असतं. मी चारही अर्धे एकाच घमेल्यात धुऊन, ज्याला जो सापडला त्याच्याशी लग्न लावून दिलं होतं. वर तेलाची वाटही बुजवली होती. चाचांनी जोड्या ओळखून लावल्या. त्यांना पत्रिका पाहावी लागली नाही.

मग त्यांनी काजळाची डबी मागितली. व्हॉल्व्हच्या माथ्यावर काजळ लावलं, इंजिन सावकाश फिरवलं आणि परत पाहिलं. पुसल्याची रेघ मधोमध बारीक हवी. आमची पार काठावर गेली होती. नवा रॉकर व्हॉल्व्हला नीट दाबत नव्हता, बाजूला ढकलत होता. "आता कणीक आण," चाचा म्हणाले. घरी फोन केला. राजूरनंतर हिनं बोललेलं पहिलं वाक्य होतं, "कशाला?" कणकेच्या गोळ्या झाकणाच्या आत चिकटवून झाकण बसवलं, इंजिन फिरवलं, उघडलं. गोळीचा पापड झाला होता. रोलरचं डोकं झाकणाला घासत होतं. ते "कर्र" त्याचंच.

"आन् टॅपेट कधी कसले?"

"गरम असताना."

चाचांनी कपाळाला हात लावला. बुलेटचे थंडपणी लावतात. पुशरॉड बोटानं फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये, बस्स. मी तापलेल्या गाडीचे कसून ठेवले, त्यामुळं थंड झाल्यावर व्हॉल्व्ह पुरते मिटतच नव्हते. मग कॉम्प्रेशन कुठून राहणार?

"टॅपेट बोलतंय तवर बरं असतं, बेटा. मुकं झालं की व्हॉल्व्ह जळायला लागतो."

मला एकदम आठवलं की ही सकाळपासून गप्प आहे. मी घाईनं निघालो.

जुने रॉकर मी भंगारात टाकले होते. ते जालन्याच्या भट्टीत जाऊन कुणाच्या तरी स्लॅबची सळई झाले असतील, या भीतीनं मी भंगारवाल्याकडं पळालो. तोही चाचांचा भाचा निघाला. त्यानं ते बाजूला काढून ठेवले होते, आणि टाकताना दिले त्याच्या तिप्पट पैसे घेतले.

बुलेट आता पुन्हा सहाला टकटकते. नवे रॉकर अण्णांच्या टेबलावर असतात. पंख्याखाली पेपर उडतो, म्हणून. रोज सकाळी स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडतात, "अरे, ते माझं रॉकेल कुणी नेलं?"