पोर्टोफिनो बघून परतलेल्या गाडीवाल्यांना

पांढऱ्या गाडीचे मालक,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

मे महिन्यातल्या त्या रविवारी तुम्ही जोडीने लवासात रात्र काढून परत निघाला होता. वाटेत वरसगाव धरणाच्या काठावर, आमच्या गाळपेरीच्या रानात गाडी घातलीत. फोनवर मित्राला सांगत होता ते वर बांधापर्यंत ऐकू आलं : इटलीला जायची गरजच नाही, पोर्टोफिनो पुण्याच्या दारात आहे. मग तुम्ही रिकाम्या बाटल्या दगडावर नेम धरून फोडल्या. चार फुटल्या. पाचवी पाण्यात भिरकावलीत.

सोमवारी माझी म्हैस पाण्यावर गेली आणि लंगडत वर आली. दोन खुरांच्या बेचक्यात बोटाएवढी काच रुतली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी ती काढली तेव्हा तिला धरायला आम्ही चौघे लागलो. ती गाभण आहे. डॉक्टरांचे आणि औषधाचे पैसे मी तुमच्याकडे मागत नाही. पण नेम चांगला असण्याचा तुम्हाला जो आनंद झाला, त्याची किंमत कुणी मोजली ते तुम्हाला कळलं पाहिजे.

पोर्टोफिनोचं एवढं कौतुक आहे, तर तिथली रीतही ऐका. जिनोआजवळच्या समुद्रकाठचं ते गाव, वस्ती पाचशेच्या आत. 2023 साली त्या गावाने बंदरावरच्या दोन जागा ठरवून दिल्या आणि तिथे फोटोसाठी रेंगाळून वाट अडवणाऱ्याला 275 युरोपर्यंत दंड लावला. नुसतं उभं राहण्याबद्दल! तिथे तुम्ही बाटली फोडली असतीत का? नसतीत. अंग चोरून उभे राहिला असतात, कारण ते परदेश. इथे हात सुटला, कारण हे वेल्हे. कागदावर आता राजगड तालुका झाला, पण तुमच्या लेखी अजून कुणाचंच रान नाही.

लवासातल्या दासव्याच्या काठावर तुम्ही ज्या रंगीत घरांपुढे फोटो काढलेत, ती पोर्टोफिनोवरूनच बेतलेली आहेत. मुळशी आणि वेल्ह्यातल्या 18 गावांची जमीन 2001 साली गिरिस्थान म्हणून जाहीर झाली. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने लवासाचं काम आहे तिथे रोखलं, 2018 मध्ये प्रकल्प दिवाळखोरीच्या कज्ज्यात गेला. त्याचा हिशेब तुमच्याकडे मागत नाही, तो फार मोठ्या लोकांचा आहे. तुमचा हिशेब पाच बाटल्यांचा आहे, आणि तो मी सोडणार नाही.

कारण तुम्ही ज्याला समुद्र समजलात, तो समुद्र नाही. ती मोसे नदी आहे. हे मोसे खोरं, शिवाजी महाराजांना पहिल्या दिवसांपासून साथ देणाऱ्या बाजी पासलकरांचं. जलाशयाला नावही त्यांचंच आहे. त्या पाण्याखाली गावं आहेत. घरं, देवळं, उंबरे सोडून माणसं उठली, तेव्हा हे पाणी साठलं. भोरच्या बाजूला भाटघर धरणाच्या पाण्यात कांबरेश्वराचं देऊळ वर्षाचे बहुतेक महिने बुडालेलं असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात. आमच्याकडे पाणी उतरणं म्हणजे असं असतं. पायातली चप्पल काढून जायची जागा आहे ती, तुम्ही तिथे काचा पेरल्यात.

आणि हे पाणी जातं कुठे? साडेबारा टीएमसीहून जास्त पाणी धरतं हे धरण. ते खाली खडकवासल्यात उतरतं आणि तिथून पुण्याच्या नळाला येतं. तुमच्या गाडीवर पुण्याचीच पाटी होती. ज्या पाण्यात बाटली भिरकावलीत, त्याच पाण्याचा सकाळी तुम्ही चहा केलात.

एक गोष्ट मात्र मनात राहिली आहे. तुमच्यासोबतच्या ताई खाली वाकल्या होत्या. फुटलेल्या बाटलीची मान त्यांनी उचललीही होती. तुम्ही म्हणालात, "राहू दे गं, माणसं असतात उचलायला." त्यांनी ती परत ठेवली आणि वर, आमच्याकडे पाहिलं. साहेब, ती माणसं म्हणजे मी आणि माझी थोरली सून. दोन सकाळी आम्ही त्या गाळात बसून काचा वेचल्या. सगळ्या सापडलेल्या नाहीत.

पावसाने धरण भरलं की त्या पुन्हा हाती लागायच्या नाहीत. म्हणून मिरग लागायच्या आधी, येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही तिथेच वेचायला बसणार आहोत. जागा तुम्हाला माहीत आहे. दोघेही या. घमेली आमच्याकडे आहेत, हातमोजे तेवढे तुमचे आणा.

वरसगावच्या काठावरचा एक शेतकरी