दीड वर्षाचा जावई

कोल्हापूरच्या राजारामपुरीत परदेशी शिक्षणाच्या जाहिराती वाचत चाललं की लंडन कागलच्या पुढंच लागत असावं असं वाटतं. ‘शिका, राहा, कमवा’, सगळं एकाच जाड ठशात. यातल्या ‘राहा’वर ब्रिटननं कात्री चालवली आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला मिळणारी दोन वर्षं १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच मिळणार. पीएचडीवाल्यांची तीन शाबूत.

सायबाचं हे जुनंच आहे. २०१२ मध्ये ही सवलत बंद, २०२१ मध्ये पुन्हा सुरू. फी भरायला या, मग बघू! फी काही त्या हिशोबात उतरलेली नाही आणि घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचे हप्ते व्हिसा बघून थांबत नाहीत.

१९०२ साली केंब्रिजनं शाहू महाराजांना एलएल.डी. दिली, तेव्हा ‘आता किती दिवस राहणार?’ असं कुणी विचारलं नसावं. आता तो प्रश्न थेट सोयरिकीत आलाय. परवा एक मध्यस्थ मुलाच्या वडिलांना म्हणाला, “स्थळ झ्याक हाय आण्णा, पर मुलीकडचे पत्रिकेआधी व्हिसाची तारीख मागाय लागल्यात.”